जीवाश्म दात: ओळख, नोंद आणि विक्रीचा प्रश्न

पावसाळा ओसरून नद्यांचे पाणी उतरू लागले की काठांच्या दरडी उघड्या पडतात. शिवालिक टेकड्यांमधील ओढे, नर्मदेचे खोरे, गोदावरी, प्रवरा आणि मांजरा यांचे काठ या ठिकाणी गुराख्यांना, वाळू काढणाऱ्या मजुरांना आणि शेतकऱ्यांना दगडासारखा जड, विचित्र आकाराचा दात सापडणे ही भारतात नवी घटना नाही. असा दात हाती आला की दोन प्रश्न लागलीच उपस्थित होतात. हा दात कोणत्या प्राण्याचा, आणि त्याचे मोल किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना जीवाश्मशास्त्रज्ञाला दाताइतकीच त्याच्या सापडण्याच्या जागेची गरज असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या बाजाराला ती गरज फारशी भासत नाही. विज्ञान आणि विक्री यांच्यातील वादाचे मूळ याच फरकात आहे.

प्राण्याच्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दातावरील एनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मांस कुजते, हाडे कुरतडली जातात किंवा पाण्यात विरतात. दात मात्र टिकतात. गाळाखाली गाडल्या गेलेल्या दातात भूजलातील खनिजे हळूहळू शिरतात आणि तो जड होतो. अनेक नामशेष सस्तन प्राण्यांचा परिचय जगाला प्रथम त्यांच्या दातांमुळे झाला, तो यामुळेच. शिवाय दाताचा आकार प्राण्याच्या आहाराशी बांधलेला असल्याने, एका दाढेवरूनही तज्ज्ञाला प्राण्याचे कुळ आणि बहुतेकदा त्याची जातही सांगता येते.

नाहनच्या राजाकडील दात

भारतातील जीवाश्म संशोधनाच्या इतिहासात अशाच एका दाताला मोठे स्थान आहे. १८३०च्या दशकात ह्यू फाल्कनर हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते, तर प्रोबी कॉटली हे दोआबातील कालव्यांच्या कामावर होते. फिरोजशाह तुघलकाच्या काळात कालवा खोदताना राक्षसांची हाडे निघाल्याचा उल्लेख फरिश्ता या इतिहासकाराने केला होता आणि तो फाल्कनर यांच्या वाचनात आला होता. शिवालिकच्या पायथ्याला राहणाऱ्या लोकांना ही हाडे ठाऊक होती. आकाशातून कोसळलेल्या विजेशी ते त्यांचा संबंध जोडत. मात्र ती नेमकी कोणत्या थरातून येतात, याचा उलगडा झालेला नव्हता.

१८३४ मध्ये नाहनच्या राजाकडे असलेला हत्तीचा जीवाश्म दात लेफ्टनंट बेकर या अभियंत्याच्या पाहण्यात आला. ही वार्ता कळताच फाल्कनर यांनी नाहन गाठले. राजाने त्यांनाही दाताचा एक तुकडा भेट दिला. तो कोठून आला याची चौकशी करून फाल्कनर त्या जागी पोहोचले आणि अवघ्या काही तासांत त्यांनी हाडांचे ३०० हून अधिक नमुने गोळा केले. पुढील काही वर्षांत याच टेकड्यांतून शिवाथेरियम हा जिराफाच्या कुळातील अवाढव्य प्राणी, महाकाय कासव, पाणघोडे आणि हत्तीच्या अनेक जाती उजेडात आल्या. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ मध्ये फाल्कनर आणि कॉटली यांना वोलास्टन पदक दिले.

राजाचा दात कितीही सुंदर असता, तरी त्याच्या उगमाची जागा कोणालाच आठवत नसती तर तो दरबारातील एक नवलाची वस्तू होऊन राहिला असता. या कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. शिवालिकमधील त्या संग्रहाचा मोठा भाग लंडनला गेला आणि आजही तेथील संग्रहालयात आहे. ज्यांनी ओढ्यांच्या वाटा दाखवल्या, त्यांची नावे ग्रंथांत आढळत नाहीत. हा दात विज्ञानाला देऊन आम्हाला काय मिळणार, असे आजचा एखादा शेतकरी विचारत असेल तर त्या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे.

दाताची ओळख

हाती आलेली वस्तू दात आहे की दगड, हे प्रथम पाहावे लागते. गारगोटीचे पट्टे, अकीक किंवा अश्मीभूत लाकूड यांचा आकार पुष्कळदा दातासारखा भासतो. खऱ्या दातात निदान दोन पदार्थ स्पष्ट वेगळे दिसतात. वरचा एनॅमलचा थर काचेसारखा तुकतुकीत असतो, तर आतील डेंटिन त्या मानाने मंद आणि मऊसर दिसते. मोडलेल्या कडेवर ही सीमारेषा डोळ्यांनीही कळते. चघळण्याच्या पृष्ठभागावरील झीज हा दुसरा पुरावा आहे. एनॅमल सावकाश झिजते आणि डेंटिन लवकर, त्यामुळे दाढेवर उंच कडा आणि खोलगट भाग तयार होतात. नदीच्या प्रवाहात घासलेल्या दगडावर अशी शिस्तबद्ध झीज दिसत नाही.

भारतातील नदीगाळात लोकांच्या नजरेत सर्वप्रथम भरते ती हत्तीच्या कुळातील दाढ. ती मोठी असते आणि सहसा ओळखू येत नाही, कारण ती दातासारखी दिसतच नाही. एनॅमलच्या चपट्या पट्ट्या एकामागे एक उभ्या रचून त्यांमधील जागा सिमेंट नावाच्या पदार्थाने भरावी, तशी तिची रचना असते. झिजलेल्या पृष्ठभागावर या पट्ट्या आडव्या, लांबट वेटोळ्यांसारख्या उमटतात. आजच्या आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेत वीसहून अधिक पट्ट्या असू शकतात. जबड्याच्या प्रत्येक बाजूस हत्तीला आयुष्यभरात एकामागून एक अशा सहा दाढा येतात, त्यामुळे दाढ कितवी आहे आणि ती किती झिजली आहे यावरून मृत्यूसमयीचे वयही ठरवता येते. स्टेगोडॉन या नामशेष नातेवाइकाच्या दाढेवर उंच पट्ट्यांऐवजी घराच्या उतरत्या छपरासारखे बुटके कंगोरे असतात. त्याच्या नावाचा अर्थच ‘छपरासारखा दात’ असा आहे. त्याहून प्राचीन गॉम्फोथेर गटातील प्राण्यांच्या दाढांवर गोलसर उंचवट्यांच्या जोड्या दिसतात.

घोड्याची दाढ उंच, चौकोनी स्तंभासारखी असते आणि तिच्या माथ्यावर एनॅमलच्या गुंतागुंतीच्या घड्या दिसतात. शिवालिकमध्ये सापडणाऱ्या हिपॅरिऑन या तीन खुरांच्या घोड्याच्या वरच्या दाढेत या घड्यांपासून अलग असे एक लहान बेट आढळते, त्यावरून तो आजच्या घोड्यापासून वेगळा काढता येतो. गाय, म्हैस, हरीण यांच्या दाढांवर चंद्रकोरीसारख्या रेषा असतात. डुकराच्या दाढेवर अनेक लहान गोलाकार उंचवटे, गेंड्याच्या वरच्या दाढेवर ग्रीक ‘पाय’ या अक्षराशी मिळतीजुळती नक्षी, तर पाणघोड्याच्या झिजलेल्या दाढेवर तीन पाकळ्यांची आकृती दिसते. पाणघोडा भारतातील नद्यांत हिमयुगाच्या उत्तरार्धापर्यंत वावरत होता, हे कळले ते मुख्यतः अशाच दातांवरून.

मगरीचा दात शंकूसारखा आणि बुडाशी पोकळ असतो. शार्क माशाचा दात सपाट, चकचकीत पात्याचा आणि दोन फाट्यांच्या खरबरीत मुळाचा असतो. कच्छ, जैसलमेर किंवा ओडिशातील बारिपदा यांसारख्या ठिकाणी समुद्रापासून दूर शार्कचे दात मिळतात, कारण तेथे एके काळी समुद्र होता. मांसाहारी डायनासोरचा दात मागे वळलेला असून त्याच्या कडांवर करवतीसारखे बारीक दाते असतात. जबलपूर, गुजरातमधील खेडा परिसर आणि महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील लामेटा थरांत डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत. प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस या त्याहून जुन्या शाकाहारी डायनासोरचे चमच्यासारखे दात मिळाले.

रंगावरून वय ठरवण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि तो बहुधा फसवा ठरतो. काळा रंग येतो तो गाळातील मँगनीज किंवा लोहामुळे; काही शतकांपूर्वीचा गाईचा दातही काळा पडू शकतो. वजन आणि जिभेला चिकटण्याची गावठी चाचणी यांनी काही अंदाज बांधता येतो, पण निर्णय घेता येत नाही. दात आधुनिक हत्तीचा किंवा वाघाचा निघाला तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अशा प्राण्यांचे अवयव बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा विक्रीचा विचार करणाऱ्यालाही आधी ओळख पटवून घ्यावीच लागते.

तज्ज्ञांचीही चूक होते, विशेषतः दात फार झिजलेला असेल तेव्हा. अमेरिकेतील नेब्रास्का येथे मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न यांनी १९२२ मध्ये मानवसदृश वानराची नवी प्रजाती जाहीर केली. पुढे त्याच जागी उत्खनन झाले, आणखी अवशेष मिळाले आणि तो दात डुकरासारख्या दिसणाऱ्या पेकरी या प्राण्याचा असल्याचे उघड झाले. १९२७ मध्ये हा दावा मागे घेण्यात आला. या प्रकरणाची आठवण सहसा शास्त्रज्ञांच्या फजितीसाठी काढली जाते. वास्तविक ते नोंदीचे यश होते, कारण जागा माहीत होती म्हणूनच परत जाऊन खोदता आले. हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे १९३२ मध्ये मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून ‘रामापिथेकस’ हा मानवाचा पूर्वज असल्याचे मत अनेक दशके प्रचलित होते. शिवालिकच्या थरांत पुन्हा पुन्हा शोध घेतल्यावरच तो शिवापिथेकस या ओरांगउटानच्या नातेवाईक वानराचा भाग असल्याचे मान्य झाले.

वय सांगतो तो थर

दाताचे वय बहुतेकदा दातातून मिळत नाही. कार्बन पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच उपयोगी पडते आणि तिला लागणारे कोलॅजन हे प्रथिन भारताच्या उष्ण हवामानात क्वचितच टिकते. म्हणून दात ज्या थरात होता त्या थराचे वय काढले जाते. त्यासाठी खडकात नोंदलेली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा, ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा किंवा सोबतची दगडी हत्यारे यांचा आधार घेतात. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीची राख आढळली आहे. तिच्या वयाबाबत अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले, तरी एखादा दात त्या राखेच्या वर होता की खाली, ही साधी माहितीही किती निर्णायक ठरू शकते हे त्यावरून दिसते. पिशवीत घालून बाजारात नेलेल्या दाताजवळ ही माहिती नसते आणि नंतर कोणत्याही प्रयोगशाळेला ती परत मिळवता येत नाही.

एनॅमल मात्र स्वतःहूनही पुष्कळ सांगते. त्यातील कार्बनच्या समस्थानिकांवरून प्राणी झाडपाला खात होता की उष्ण प्रदेशातील गवत, हे कळते. सुमारे ८० लाख ते ७० लाख वर्षांपूर्वी शिवालिकच्या परिसरात जंगल हटून गवताळ प्रदेश पसरला, या निष्कर्षाला प्राचीन मातीबरोबरच प्राण्यांच्या दातांनीही दुजोरा दिला. पण येथेही दाताचे वय माहीत असावे लागते. अन्यथा त्या प्राण्याने गवत खाल्ले एवढेच कळते, कधी खाल्ले ते कळत नाही.

औषधाच्या दुकानातील दाढ

विक्री ही नेहमीच विज्ञानाची वैरी असते, असे म्हणता येत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चिनी औषधांच्या दुकानांतील आहे. चीनमध्ये जीवाश्म हाडे आणि दात ‘ड्रॅगनची हाडे’ या नावाने कुटून औषध म्हणून विकली जात. के. ए. हाबेरर या जर्मन संग्राहकाने अशी हाडे विकत घेऊन जमवली होती. त्यांचे वर्णन माक्स श्लोसर यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यात एक दाढ मानवासारखी असल्याचे दाखवून दिले. त्या दाढेमुळे चीनमधील आदिमानवाच्या शोधाला चालना मिळाली. नंतर पेकिंगजवळील झोउकोउदियान येथे प्रत्यक्ष उत्खनन झाले आणि तेथे मिळालेल्या दाताच्या आधारे डेव्हिडसन ब्लॅक यांनी १९२७ मध्ये पेकिंग मानवाला शास्त्रीय नाव दिले.

१९३५ मध्ये जी. एच. आर. फॉन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या एका औषधविक्रेत्याकडे वानराची एक प्रचंड दाढ मिळाली. नुकत्याच दिवंगत झालेल्या ब्लॅक यांच्या स्मरणार्थ त्यांनी त्या प्राण्याला ‘जायगँटोपिथेकस ब्लॅकी’ असे नाव दिले. दाढ विकाऊ नसती तर ती शास्त्रज्ञाच्या हाती पडली नसती, हे खरे. पण पुढील २० वर्षे या वानराबद्दल तर्कच चालू राहिले. तो कोठे राहत होता, किती प्राचीन होता, मानवाच्या जवळचा होता की दूरचा, यांपैकी कशाचेही उत्तर त्या दाढेजवळ नव्हते. फ्रान्झ वायडेनराइख यांच्यासारख्या मान्यवराने तर त्याला मानवाच्या वंशातील महाकाय पूर्वज ठरवले. १९५६ मध्ये पेई वेनझोंग यांच्या पथकाने ग्वांग्शी प्रांतातील ल्यूचेंगच्या गुहेत उत्खनन सुरू केले, तेव्हा चित्र पालटले. तेथे जबडे आणि एक हजाराच्या घरात सुटे दात मिळाले. २०१९ मध्ये ग्वांग्शीतीलच एका गुहेतील सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाढेच्या एनॅमलमधून प्राचीन प्रथिने वेगळी करण्यात आली आणि हा प्राणी ओरांगउटानचा दूरचा नातेवाईक असल्याचे स्पष्ट झाले. २०२४ मध्ये गुहांच्या वयमापनावरून तो २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वी नष्ट झाल्याचे प्रसिद्ध झाले. दुकानातील दाढेने प्रश्न निर्माण केला. त्याची उत्तरे गुहेतल्या दातांनी दिली.

पैशाचा मोह नोंदीपुरताच घातक नसतो, तो वस्तूचीही मोडतोड करतो. याच कोनिग्सवाल्ड यांनी जावा बेटावर स्थानिकांना कवटीच्या प्रत्येक तुकड्यामागे सुमारे १० सेंट देण्याचे कबूल केले होते. त्याचा परिणाम असा झाला की लोक मोठे तुकडे फोडून त्यांचे लहान तुकडे करू लागले. दोष लोकांचा नव्हता. दर तुकड्याला लावला होता.

या कथेचे एक टोक भारतात येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९१५ मध्ये शिवालिकमधील एकाच मोठ्या दाढेवरून एका महाकाय वानराचे वर्णन केले होते. त्याला ‘इंडोपिथेकस’ हे नाव १९५० मध्ये कोनिग्सवाल्ड यांनीच दिले. पुढे हरितल्यांगर परिसरातील एका ग्रामस्थाने अनेक वर्षे जपून ठेवलेला खालचा जबडा १९६८ मध्ये संशोधकांच्या हाती आला. पंजाब विद्यापीठाचे एस. आर. के. चोप्रा आणि येल विद्यापीठाचे एल्विन सिमन्स यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बिलासपूरच्या नावावरून त्याला ‘बिलासपुरेन्सिस’ म्हटले. तो जबडा आज इंडोपिथेकसचाच मानला जातो आणि त्याचे वय सुमारे ८६ लाख वर्षे सांगितले जाते. मूळ परिसर माहीत असल्यामुळेच हे वय सांगता आले.

कायदा काय सांगतो

भारतात जीवाश्मांसाठी स्वतंत्र आणि सुस्पष्ट कायद्याची उणीव जाणकार दीर्घकाळ मांडत आले आहेत. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु त्यातील व्याख्येत जीवाश्मांचा नावाने उल्लेख नाही. १८७८च्या भूमिगत धनविषयक कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते; तो कायदा रचला गेला तो पुरलेली नाणी आणि दागिने डोळ्यांसमोर ठेवून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काही स्थळे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके म्हणून घोषित केली आहेत. सिरमौर जिल्ह्यातील साकेती येथे १९७४ मध्ये जीवाश्म उद्यान उभारण्यात आले. पण उद्यानाच्या कुंपणाबाहेरील नाल्यात सापडलेल्या दाताचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यात जीवाश्मांचा समावेश होता. सर्व अधिकार एकाच शासकीय संस्थेकडे एकवटतील आणि विद्यापीठांतील संशोधकांच्या कामावर बंधने येतील, अशी टीका अनेक अभ्यासकांनी त्यावर केली. टीका योग्य असो वा नसो, जीवाश्म ज्याला सापडतो तो माणूस या चर्चेत फारसा दिसला नाही.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग निवडले आहेत. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. मंगोलियातून बेकायदा बाहेर गेलेला टार्बोसॉरसचा सांगाडा २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाला होता. न्यायालयीन कारवाईनंतर २०१३ मध्ये तो मंगोलियाला परत मिळाला. अमेरिकेत खासगी जमिनीतील जीवाश्म जमीनमालकाचा असतो, तर संघराज्याच्या जमिनीवर २००९च्या कायद्यानुसार पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर संग्राहकांनी महत्त्वाच्या वस्तूंची नोंद करावी आणि विक्रीपूर्वी संग्रहालयांना संधी द्यावी, अशी आचारसंहिता आहे. डेन्मार्कची व्यवस्था सर्वांत विचारपूर्वक रचलेली वाटते. तेथे १९९० पासून वैज्ञानिकदृष्ट्या असाधारण जीवाश्म राज्याच्या मालकीचा ठरतो, तो संग्रहालयाकडे सोपवणे बंधनकारक असते आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. मोबदला आणि नोंद यांची सांगड घालता येते, हे त्या छोट्या देशाने दाखवले आहे.

बाजाराचे आकर्षण

जागतिक लिलावांतील आकडे डोळे दिपवणारे आहेत. ‘सू’ नावाचा टायरॅनोसॉरसचा सांगाडा १९९७ मध्ये ८३ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला आणि शिकागोच्या फील्ड संग्रहालयात पोहोचला. ‘स्टॅन’ला २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख डॉलर मिळाले, ‘एपेक्स’ या स्टेगोसॉरसला २०२४ मध्ये ४ कोटी ४६ लाख डॉलर. या बातम्या वाचून गावातील एखाद्याला आपल्या घरातील दाढेचे लाखो रुपये येतील असे वाटले तर नवल नाही. परंतु लिलावात किंमत येते ती जवळपास पूर्ण सांगाड्याला आणि त्याच्या कायदेशीर कागदपत्रांना. नदीत मिळालेली सुटी दाढ विज्ञानाला मोलाची असली तरी बाजारात ती सामान्य वस्तू असते. त्यात बनावट आणि जोडकाम केलेल्या दातांचा सुळसुळाट आहे. कागदपत्रे नसलेल्या वस्तूसाठी पहिल्या विक्रेत्याच्या हाती पडते ती सर्वांत लहान रक्कम, आणि कायदेशीर धोका मात्र त्याच्याच वाट्याला अधिक येतो.

संशोधकांच्या बाजूनेही एक अट आहे. नव्या जातीचे नामकरण ज्या नमुन्यावरून होते तो सार्वजनिक संग्रहात असावा, म्हणजे इतरांना तो पुन्हा तपासता येईल, असा संकेत आहे. खासगी संग्रहातील नमुन्यांवरील लेख अनेक नियतकालिके स्वीकारत नाहीत. विकला गेलेला दात नष्ट होत नाही हे खरे, पण अभ्यासाच्या दृष्टीने तो बहुधा बाद होतो.

विक्री आणि विज्ञान यांखेरीज तिसरे नातेही भारतीयांना परिचित आहे. देवघरातील शाळिग्राम म्हणजे गंडकी नदीतील अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. त्याची खरेदी-विक्री परंपरेने निषिद्ध मानली जाते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या येथील ग्रामस्थ ज्या गोल दगडांची कुलदैवत म्हणून पूजा करीत होते, ती डायनासोरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. श्रद्धेमुळे त्या वस्तू आपल्याच परिसरात राहिल्या, हे संशोधकांच्या पथ्यावरच पडले.

सापडल्यावर काय करावे

दात दरडीत रुतलेला असेल तर तो उपटू नये. आधी जागेचे आणि दाताचे छायाचित्र घ्यावे. मापासाठी शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवावी. मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, गावाचे आणि ओढ्याचे नाव, तारीख, पाण्यापासूनची अंदाजे उंची आणि थर वाळूचा होता, गोट्यांचा होता की पिवळ्या मातीचा, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. पुरात वाहून जाण्याची भीती असल्यासच दात उचलावा. तो आम्लाने किंवा घासून स्वच्छ करू नये, त्यावर वॉर्निश लावू नये आणि चिकटलेला गाळ काढू नये. त्या गाळावरूनच पुष्कळदा मूळ थर ओळखता येतो. कागदात गुंडाळून सावलीत सावकाश सुकू द्यावा, कारण ओला दात उन्हात ठेवल्यास तडकतो.

ओळख पटवण्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची विभागीय कार्यालये नागपूर, लखनौ, जयपूर, हैदराबाद, शिलाँग आणि कोलकाता येथे आहेत. डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ आणि कोलकात्याचे भारतीय संग्रहालय येथेही या विषयाचे जाणकार आहेत. महाराष्ट्रातील नदीगाळातील प्राण्यांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अनेक दशके झाला आहे, तेथील जी. एल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राणिजीवनावरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक ओळखीसाठी दात पाठवण्याची गरज नसते. चघळण्याचा पृष्ठभाग, दोन्ही बाजू आणि मूळ यांची स्वच्छ उजेडातील छायाचित्रे बहुधा पुरतात.

दात संस्थेकडे सोपवताना लेखी पोच मागावी. तीत सापडल्याची जागा आणि तारीख, दात सोपवणाऱ्याचे नाव आणि संग्रहातील नोंदणी क्रमांक असावा. याच क्रमांकाने पुढे कोणताही अभ्यासक तो दात मागवून पाहू शकतो आणि सोपवणाऱ्यालाही त्याची विचारणा करता येते.